खिडकीमागच्या आत्याबाई

विनोद आणि खून यांचें एकमेकांशीं वैर असावें असें सामान्यतः वाटतें. घरांत प्रेत पडलें असतां हंसूं येणें हा असभ्यपणा, आणि हंसूं येत असेल तर तें प्रेत खोटें, असा सरळ हिशेब आपण मांडतों. तरीहि इंग्रजी वाङ्मयांत गेल्या सव्वाशें वर्षांत कादंबऱ्यांची एक अशी जात वाढली आहे कीं, तिच्या आरंभींच्या प्रकरणांतच खून पडतो, पुढें शेवटच्या पानापर्यंत वाचक गालांतल्या गालांत हंसत राहतो, आणि खुनी सांपडतो तो पोलीस अंमलदाराला नव्हे, तर शेजारच्या घरांत लोंकरीचें विणकाम घेऊन बसलेल्या एका प्रौढ कुमारिकेला. तिला सरकारचा अधिकार नसतो, पगार नसतो, आणि बहुधा कोणीं बोलावलेलेंहि नसतें. विद्वानांच्या पंक्तींत या कादंबऱ्यांना पाट मिळत नाहीं. आगगाडींत मात्र त्याच विद्वानांच्या हातीं त्या दिसतात. या विसंगतीबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाहीं. आम्हांला कुतूहल आहे तें निराळ्याच गोष्टीचें : या बाईला पाहून वाचक प्रथम हंसतो तो कां, आणि तें हंसें पुढें जातें कोठें?

स्त्री-डिटेक्टिव्ह ही कल्पना तशी जुनी. १८६४ सालीं लंडनमध्यें अशा नायिकांचीं दोन पुस्तकें निघालीं. एकावर अँड्र्यू फॉरेस्टर हें टोपण नांव होतें, दुसरें निनांवी होतें. दोन्ही नायिका पोलिसांकरितां काम करणाऱ्या. गंमत अशी कीं, त्या वेळीं लंडनच्या पोलीसदळांत शोध करणारी एकहि स्त्री नव्हती; स्त्रियांचीं गस्तीपथकें तेथें आलीं तीं पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या सुमारास. म्हणजे आत्याबाईला मिशा लावून काका करण्याचा घाट कादंबरीकारांनीं अर्धें शतक आधींच घातला होता! परंतु मिशा लावल्या कीं आत्याबाईचें आत्याबाईपण सरतें. यांतली एक नायिका भुयारांत उतरतांना घागऱ्याखालचा क्रिनोलिनचा पिंजरा काढून टाकते, हें धाडस खरें. पण ती जें करते तें एखाद्या चलाख पुरुषालाहि जमलें असतें. तिच्यांत हंसण्यासारखें फारसें नाहीं, आणि आज ती केवळ इतिहासकारांच्या कामाची राहिली आहे.

खरी आत्याबाई खिडकींत आली ती न्यूयॉर्क शहरीं, १८९७ सालीं. तिची जन्मदात्री ॲना कॅथरिन ग्रीन (१८४६–१९३५). ही एका वकिलाची मुलगी. शेरलॉक होम्सचा अवतार होण्यापूर्वीं नऊ वर्षें, १८७८ मध्यें, 'द लेव्हनवर्थ केस' लिहून तिनें नांव मिळविलें होतें. त्या पुस्तकांतला डिटेक्टिव्ह ग्राइस पुढें तिच्या अनेक कथांतून वावरला. 'दॅट अफेअर नेक्स्ट डोअर' या कादंबरींत मात्र बाईंनीं त्याच्या समोर एक प्रतिस्पर्धी उभी केली. ती मिस अमेलिया बटरवर्थ. ग्रॅमर्सी पार्कसारख्या प्रतिष्ठित वस्तींत राहणारी, कुळाचा अभिमान बाळगणारी, पैशानें सुखी. कथा तीच सांगते. आरंभींच ती बजावते कीं आपल्याला नसत्या चौकशा करण्याची मुळींच संवय नाहीं. आणि तोंडांतलें वाक्य पुरें होण्यापूर्वीं ती मध्यरात्रीं अंथरुणांतून उठून, शेजारच्या बंद घरापाशीं कोणाची गाडी थांबली हें पाहण्यास पडद्याआड जाऊन उभी राहते. तोंड एक सांगतें, पाय दुसरेंच सांगतात. या कादंबरींतला बहुतेक विनोद एवढ्या एका विरोधांतून निघाला आहे.

दुसऱ्या दिवशीं त्या घरांत एका तरुण स्त्रीचें प्रेत सांपडतें. अंगावर जड कपाट कोसळलेलें. पोलिसाबरोबर अमेलियाबाईहि आंत शिरतात, आणि तेथून त्या शेवटपर्यंत बाहेर येत नाहींत. ग्राइस वयानें थकलेला; समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे न पाहतां भलत्याच वस्तूवर नजर ठेवून बोलण्याची त्याला खोड. तो प्रथम या बाईला साक्षीदार समजतो, मग लुडबुड्या समजतो, आणि अखेरीस आदरानें वागवूं लागतो. कारण पुरुषांच्या पंचनाम्यांत जेथें 'टोपी एक, हातमोजे अमुक' एवढी ओळ लिहिली जाते, तेथें अमेलियाबाईंना एक सबंध प्रकरण दिसतें. बाईंचे तर्क वरचेवर चुकतात, ग्राइसचेहि चुकतात. दोघांचे संशय दोन निरनिराळ्या माणसांवर. लेखिकेचा मोठेपणा असा कीं, तिनें शेवटीं आपल्या नायिकेला सुधारलें नाहीं. अमेलियाबाई अखेरपर्यंत तितक्याच ताठ राहतात, आणि आपण चौकस नाहीं हें त्यांचें म्हणणेंहि तसेंच राहतें. फक्त आपल्या हंसण्यांतला तुच्छभाव कोठें गळून पडला, तें आपल्याला कळत नाहीं.

अमेलियेच्या मागोमाग १९०८ मध्यें 'द सर्क्युलर स्टेअरकेस' मधील रेचेल इनेस आली. ही तर सख्खी आत्या. मृत भावाचीं दोन मुलें हिनें वाढविलेलीं. उन्हाळ्यापुरतें खेड्यांत एक प्रशस्त घर भाड्यानें घ्यावें एवढीच तिची हौस, आणि पहिल्याच दिवसांत त्या घरांत खुनाचें सत्र सुरू होतें. रेचेलबाई आणि त्यांची जुनी दासी लिडी यांची अखंड धुसफूस हा या कादंबरीचा जीव. एकीला भुतांची भीति, दुसरीला आपल्याला भीति वाटते हें कबूल करण्याची भीति. लेखिका मेरी रॉबर्ट्‌स राइनहार्ट ही शिकलेली नर्स. १९०३ च्या शेअरबाजाराच्या घसरणींत नवऱ्याची पुंजी बुडाल्यावर तिनें लेखणी हातीं धरली होती. 'तेव्हांच कळलें असतें तर' असा उसासा टाकून प्रकरण संपविण्याची तिची लकब पुढें इतक्या जणींनीं उचलली कीं, टीकाकारांनीं त्या साऱ्या संप्रदायाला त्या उसाशाचेंच नांव दिलें.

या दोघी आत्याबाई खाऊन-पिऊन सुखी होत्या. इंग्लंडमध्यें ही जात रुजली ती निराळ्या हवेंत. १९१४ ते १९१८ च्या युद्धांत ब्रिटनचे लाखों तरुण कामास आले, आणि १९२१ च्या शिरगणतींत इंग्लंड-वेल्समध्यें पुरुषांपेक्षां स्त्रिया सतरा लाखांहून अधिक भरल्या. वर्तमानपत्रांनीं त्यांना जें नांव दिलें त्याचें मराठी 'शिल्लक स्त्रिया' असेंच करावें लागेल. जणूं बाजार उठल्यावर पालांत उरलेला माल! त्यांना वसाहतींत पाठवावें अशाहि सूचना निघाल्या. लहानशा उत्पन्नावर भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या, चर्चच्या कामांत दिवस काढणाऱ्या या स्त्रिया विनोदी साप्ताहिकांना आयतें गिऱ्हाईक होत्या. त्यांची टोपी, त्यांचें मांजर, त्यांचा चहा, सारेंच हंसण्याजोगें.

डोरोथी सेयर्स ही याच पिढीची. ऑक्सफर्डनें स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० सालीं आरंभ केला, तेव्हां पहिल्या तुकडींत ती होती. परीक्षा तिनें पांच वर्षांपूर्वींच उत्तम तऱ्हेनें दिलेली होती. तिच्या 'अननॅचरल डेथ' (१९२७) मध्यें एक मजेचा प्रसंग आहे. लॉर्ड पीटर विम्सी हा उमराव डिटेक्टिव्ह आपल्या पोलीस-मित्राला एका बाईच्या बिऱ्हाडीं घेऊन जातो. तो असें कांहीं सूचक बोलतो कीं, मित्राला वाटतें, उमरावानें येथें आपली ठेवलेली बाई राहविली आहे. बिचारा संकोचून जातो. दार उघडतें, तों समोर मिस क्लिम्पसन : वयस्क, सात्त्विक, गळ्यांत सांखळ्या रुळणारी प्रौढ कुमारिका! येथें हंसें बाईचें होत नाहीं, तें त्या पोलिसाचें होतें. विम्सीचें म्हणणें असें कीं, हजारों बायकांची चौकस बुद्धि समाज वायां घालवीत आहे. जाड बुटांचा पोलीस प्रश्न विचारूं लागला कीं लोक दांतखीळ बसल्यासारखे गप्प होतात. तेच प्रश्न विणकाम करणाऱ्या बाईनें विचारले तर कोणालाच नवल वाटत नाहीं.

ही बाई पुढें काय करते पहा. 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) चा आरंभ खुनाच्या खटल्यानें होतो. आरोपी एक लेखिका आहे, पुरावा तिच्या विरुद्ध आहे, आणि न्यायाधीशाचा रोंखहि तसाच. तरी ज्यूरीचें एकमत होत नाहीं. कारण ज्यूरींत मिस क्लिम्पसन बसलेली आहे आणि तिला तें पटत नाहीं. इंग्लंडमध्यें स्त्रियांना ज्यूरींत बसण्याचा हक्क मिळाला तो १९१९ च्या कायद्यानें, म्हणजे ही गोष्ट अगदीं ताजी होती. ज्या हट्टीपणाला कालपर्यंत म्हातारीचा हेका म्हणत, तोच येथें एका निरपराध स्त्रीला फांसापासून वांचवितो. पुढें तीच धर्मभीरु बाई एक मृत्युपत्र हस्तगत करण्यासाठीं भुतें बोलावण्याचें सोंग करते, टेबलें हलविते, आणि आपल्या हातून घडत असलेल्या पापानें मनांतल्या मनांत कासावीस होते. तो भाग वाचतांना हंसूं आवरत नाहीं. पण फांसाचा दोर त्या टेबलावर सारखा लोंबत असतो, हें क्षणभरहि विसरतां येत नाहीं.

त्याच १९२७ सालच्या डिसेंबरांत मिस जेन मार्पल अवतरली. तत्पूर्वीं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' मध्यें ॲगाथा ख्रिस्तीबाईंनीं एका डॉक्टराची बहीण रंगविली होती. ती घरीं बसून गांवची बित्तंबातमी गोळा करी. त्या कादंबरीचें नाटक झालें तेव्हां नाटककारानें ही वयस्क बहीण काढून तेथें एक तरुणी बसविली. १९७७ मध्यें, म्हणजे मृत्यूच्या पुढील वर्षीं, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत बाईंनीं याची खंत बोलून दाखविली आहे, आणि मार्पलचें मूळ बहुधा तेथेंच असावें असें सुचविलें आहे.

पहिल्या मार्पल-कथेंत कांहीं मंडळी रहस्यें सोडविण्याचा एक क्लब काढतात. स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुख आहे, वकील आहे, पाद्री आहे, लेखक आहे, एक चित्रकर्ती आहे. ती सभासद मोजते. पांच भरतात, आणि सहावा असता तर बरें असें तिला वाटतें. शेकोटीजवळ विणीत बसलेली घरधनीण तेव्हां सौम्यपणें आठवण देते कीं, मला मोजावयाचें राहिलें. शिरगणतीनें जिला शिल्लक म्हणून मोजलें, तिला तिच्याच दिवाणखान्यांत पाहुणे मोजीत नाहींत! मग एका विषप्रयोगाची हकीकत निघते. टीपकागदावर 'शेंकडों आणि हजारों' अशा अर्थाचे शब्द उमटलेले असतात. सर्वांना वाटतें कीं हा पैशाचा मामला. मार्पलबाईंना मात्र ठाऊक असतें कीं, इंग्रजी स्वयंपाकघरांत एका गोड जिनसेला हेंच नांव आहे. याहून अधिक सांगणें वाचकांवर अन्याय होईल.

क्लबांतला तो लेखक म्हणजे मार्पलबाईंचा भाचा रेमंड. त्याचें आडनांव वेस्ट, तेव्हां नात्यानें ती त्याची बहुधा मावशी ठरेल. पण मावशीचा भाबडेपणा तिच्यांत औषधालाहि नाहीं, स्वभावानें ती आत्याच. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०) मध्यें हा शहरी भाचा तिच्या खेड्याला सांचलेलें डबकें म्हणून हिणवतो. तेव्हां डबक्याच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून पहा, असें ती त्याला शांतपणें सुचविते. बागेंत खुरपें घेऊन बसणें आणि दुर्बिणीनें पक्षी पाहणें हे तिचे दोन छंद. दोन्ही छंद रस्त्याकडे तोंड करून करतां येतात.

या कादंबऱ्यांतल्या विनोदाचें मर्म आम्हांला येथें दिसतें. विनोद हा रहस्यावर शिंपडलेला गुलाबपाणी नव्हे. तें रहस्य लपविण्याचें पेव आहे. मार्पलबाई बोलतात तें सारें पाल्हाळ वाटतें : अमक्याची मोलकरीण, तमक्या मासळीवाल्याचा हिशेब. वाचक स्मित करून पान उलटतो, आणि नेमका दुवा त्या पानावरच राहतो. पाद्र्याच्या घरांत कर्नल मारला गेल्यावर बाई एकदां सहज सांगतात कीं, ज्यांना या मृत्यूनें बरें वाटेल असे निदान सात जण आपल्याला दिसतात. ऐकणारा दचकतो, पण पोलीस इन्स्पेक्टरला ऐकण्यास सवड नसते. खुनी ज्या कारणानें तिला भीत नाहीं, त्याच कारणानें आपणहि तिचें बोलणें गंभीरपणें घेत नाहीं. पुस्तक मिटतांना आपण खुन्याच्या बाजूला उभे होतों हें लक्षांत येतें, आणि हंसें आपलें होतें. अशी चपराक खाऊनहि वाचक पुढचें पुस्तक मागावयास जातो, यांतच लेखिकेचें कौशल्य आलें.

येवढ्यावरून चहाटळपणा हा सद्गुण आहे असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. त्याच गांवांत मिस हार्टनेल आहेत, मिस वेदरबी आहेत. खिडक्या त्यांच्याहि उघड्या असतात आणि जिभाहि. पण त्यांना दिसतें त्यापेक्षां अधिक कळतें. मार्पलबाईंना जेवढें दिसतें तेवढ्यावरहि त्या एकदम विश्वास ठेवीत नाहींत.

आणि हौशी शोधकाचा शोध चुकला तर? हा प्रश्न विनोदी कादंबरी सहसा टाळते. जोसेफीन टे हिनें तो 'मिस पिम डिस्पोझेस' (१९४६) मध्यें टाळला नाहीं, म्हणून आमच्या मतें या सर्व मालिकेंत तें पुस्तक अद्वितीय आहे. मिस पिम मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहून अकस्मात् प्रसिद्धि पावलेली बाई. मुलींच्या एका व्यायामशिक्षण-कॉलेजांत ती व्याख्यानाला जाते आणि मुलींच्या लोभानें राहते. (टे स्वतः बर्मिंगहॅमच्या अशाच एका संस्थेंत शिकली होती, कॉलेजांतलें तें वातावरण, परीक्षांची ती घालमेल, अध्यापकवर्गांतले ते हेवेदावे किती खरे आहेत, हें सांगण्याचा अधिकार आम्हां मास्तर मंडळींना खास आहे.) पाऊणएक पुस्तक होईपर्यंत अपघात नाहीं कीं गुन्हा नाहीं, नुसती प्रसन्न थट्टा. मग एक मुलगी मरते, आणि पुरावा एकट्या मिस पिमच्या हातीं येतो. त्या काळीं इंग्लंडमध्यें खुनाला शिक्षा फांसाची होती. पुरावा द्यावा तर एक कोवळा जीव जाणार, न द्यावा तर न्याय बुडणार. ती आपल्या बुद्धीनें निर्णय घेते, आणि शेवटच्या पानांत त्या निर्णयाचें जें होतें तें वाचल्यावर मागच्या साऱ्या हंसण्याची चव पालटते.

चित्रपटांनीं आत्याबाईंचे हालच केले. १९६१ ते १९६४ या काळांत मार्गारेट रदरफर्ड या थोर विनोदी नटीनें मार्पलचे चार बोलपट केले. त्यांत ती घोड्यावर बसते, तलवारहि खेळते. नटीबद्दल ख्रिस्तीबाईंना आदर होता, १९६२ ची एक कादंबरी त्यांनीं तिलाच अर्पण केली; पण ते बोलपट त्यांना रुचले नाहींत. त्यांची नापसंती आम्हांला रास्त वाटते. जिच्याकडे सर्वांचें लक्ष जातें ती मार्पल कसली! १९८४ पासून १९९२ पर्यंत बीबीसीवर जोन हिक्सननें बाराहि कादंबऱ्यांतली मार्पल केली, ती मात्र खोलींत असून नसल्यासारखी.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचे गाजलेले धनंजय आणि झुंजार हे दोघेहि पुरुष. बंगालींत २००३ सालीं ऋतुपर्ण घोष यांनीं रदरफर्डला अर्पण केलेल्या त्याच कादंबरीवर 'शुभ महरत' हा चित्रपट काढला. त्यांत राखी यांनीं केलेल्या भूमिकेचें नांव रांगा पिशी. आणि पिशी म्हणजे आत्या.

अलीकडे अशा कादंबऱ्यांचें पीक अमाप आहे. नायिकेची बेकरी असते, मांजर तर असतेंच. वाचावयास त्या गोड आहेत. पण यांतल्या नायिकेला कोणी कमी लेखीत नाहीं. सारा गांव तिच्या बुद्धीचें कौतुक करीत असतो. मग लपावयाचें कोठें, हा प्रश्न उरतो.

मार्पलबाईंच्या बारा कादंबऱ्या आणि वीस कथा. या साऱ्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना बहुधा धन्यवादच मिळाले, आणि पुष्कळदां श्रेय पोलिसांच्या दप्तरीं जमा झालें. १९७१ च्या 'नेमेसिस' मध्यें मात्र एक मृत धनाढ्य गृहस्थ त्यांच्यावर एक काम सोंपवितो आणि तें पार पाडल्यास वीस हजार पौंड देण्याची व्यवस्था करून ठेवतो. काम होतें. वकील रक्कम देतांना अदबीनें सुचवितात कीं, ती नीट गुंतवावी, वृद्धापकाळची तरतूद होईल. वय झालेल्या मार्पलबाई सांगतात कीं, पैसे चालू खात्यांतच ठेवा, मला ते खर्च करावयाचे आहेत. एक अख्खा तित्तिर पक्षी एकटीनें खावा, साखरेंत मुरविलेल्या चेस्टनटांची एक पेटी आणावी, जमल्यास एखादा ऑपेरा पहावा, असा त्यांचा बेत आहे. वकील एकमेकांकडे पाहत राहतात.